पेल मेला नाही म्हणणारी बाई

आर्डिस कुजावा शाळेची बस चालवायची. बेल्फोरमधली निम्मी पोरं तिच्या बसमधून शाळेत जाऊन मोठी झाली, त्यामुळे गावात तिला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि तिच्याशी निवांत बसून बोललंय असंही फारसं कुणी नव्हतं. उंच, हाडापेरानं रुंद बाई. बर्फानं रस्ता आणि बिटाची शेतं एक झाली तरी तिची बस यायचीच. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना संपली की सगळ्यांच्या आधी उठायची. तिच्यात काही वेगळं आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी तिच्या शेजारी राहायचे, आणि तिचं टपाल माझ्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात यायचं.

टपाल दुकानात का, तर घरी जीन कटकट करायचा म्हणून. जीन तिचा नवरा, बिटापासून साखर काढणाऱ्या कारखान्यात बॉयलरवर होता.

ही गोष्ट सुरू झाली ‘हाय लुकआउट’पासून. टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी लागायचं ते. डोंगरावरच्या लाकडी मनोऱ्यात राहून जंगलातल्या वणव्यांवर नजर ठेवणारे दोघे जण. कॉर्विन लढाईवरून परतलेला, तोंडातून शब्द न काढणारा. पेल पाद्रीपण सोडून आलेला, तोंड बंद न ठेवणारा. दर आठवड्याला कुठेतरी आग लागायची नाहीतर कुणीतरी हरवायचं, आणि हे दोघे भांडत भांडत निघायचे. तीन वर्षं चाललं. मग कंपनीनं ते बंद करायचं ठरवलं आणि शेवटच्या भागात मनोराच जाळून टाकला. कॉर्विन एकटा खाली उतरला, आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी आर्डिस दुकानात आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. मला वाटलं, जीनच्या घरात कुणी गेलं.

“लेनोर, पेल मेलेला नाही,” ती म्हणाली. “त्यांनी प्रेत दाखवलं नाही.”

“अगं बाई, तो नट आहे. घरी बसून जेवत असेल.”

“नटाचं कोण बोलतंय?” असं म्हणून ती जीनचे शर्ट न घेताच निघून गेली.

मी ते हसण्यावारी नेलं. पण देशभरात तिच्यासारख्याच पुष्कळ बायका त्या शुक्रवारी डोळे सुजवून बसल्या होत्या, हे आम्हाला दोन-तीन वर्षांनी कळलं. टीव्हीच्या साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांत टोलेडोच्या एका नर्सचं पत्र आलं होतं: पेल जिवंत आहे असं वाटणाऱ्यांनी मला लिहावं. तिचं नाव इडा मॉस. आर्डिसनं त्याच दिवशी लिहिलं. उत्तरादाखल एक जाडजूड पाकीट आलं. आत सायक्लोस्टाइल केलेली, पिना मारलेली सत्तर-ऐंशी पानं, वर पेन्सिलीनं काढलेला मनोरा. बायकांनी आपापल्या स्वयंपाकघरात टाइप केलेल्या, कॉर्विन आणि पेलच्या नव्या गोष्टी.

त्यानंतर बाई बदललीच.

सकाळची फेरी झाली की दुपारी छोट्या मुलांना सोडायच्या फेरीपर्यंत तिला मोकळा वेळ असायचा. बाकीचे ड्रायव्हर घरी जात किंवा कॅफेत बसत. आर्डिस रिकामी बस श्मिटांच्या शेतापाशी रस्त्याच्या कडेला लावायची, थर्मासमधली कॉफी ओतायची, मांडीवर घोंगडी घ्यायची आणि वाचत बसायची. पहिल्यांदा वाचताना अधाशासारखं, पेलचं काय होतंय एवढ्याचसाठी. दुसऱ्यांदा सावकाश, हातात पेन्सिल धरून. आणि मग लिहिणाऱ्या बाईला पत्र. ती पत्रं मी पाहिलीत. ‘छान आहे, आवडलं’ असलं काही त्यांत नसायचं. ‘पेल वाळूत पाय घासत चालतो, ते मला पटलं, कारण दुसऱ्या वर्षी त्याचा घोटा मोडला होता आणि तो कधी नीट बसलाच नाही,’ असं असायचं. ‘कॉर्विन इथे सॉरी म्हणतो. तो म्हणणार नाही. तो चूल पेटवून देईल,’ असं असायचं. एका बाईला तिनं अकरा पानं लिहिली होती. त्या बाईनं शेवट बदलून गोष्ट पुन्हा टाइप केली.

तू स्वतः का लिहीत नाहीस, असं मी तिला एकदा विचारलं.

“सगळ्याच स्वयंपाकाला लागल्या तर जेवणार कोण?” ती म्हणाली.

त्या मंडळींमध्ये तिचं मोठं नाव झालं. एकदा कॅलमझूच्या एका हॉटेलात चाळीसेक जणींचा मेळावा भरला, तिथे ती शनिवार-रविवार जाऊन आली. परत आली ती घसा बसवूनच. मला म्हणाली की तिथे एका बाईनं तिचा हात धरून सगळ्यांना ओरडून सांगितलं, अगं, आर्डिस आली, बेल्फोरची आर्डिस. आयुष्यात कुणी तिचं नाव असं ओरडलं नव्हतं. इडा मॉस तिथेच तिला पहिल्यांदा भेटली. ठेंगणी, धूम्रपानानं आवाज घोगरा झालेली, रात्रपाळी करून दिवसा लिहिणारी. इडा म्हणाली की मी लिहिताना तू समोर बसली आहेस असं धरून लिहिते, बाकीच्या तुझ्या खांद्यावरून वाचतात. हे सांगताना आर्डिसचे कान लाल झाले होते.

घरीही ते पसरलं. संध्याकाळी भांडी घासताना ती पोरांना गोष्टी वाचून दाखवायची. थोरली टेरेस भांडी पुसायची आणि धाकटा मार्टी टेबलाखाली गाड्या खेळत झोपून जायचा. टेरेसला त्या गोष्टींचं वेड लागलं. ती माझ्याकडे यायची आणि विचारायची, “चोचा लेनोर, पाकीट आलं का?” पोलिश घरांत मावशीला चोचा म्हणतात. मी त्यांची कुणीच नव्हते, पण पोरांची चोचा होते. सुरुवातीला जीनही थट्टा करायचा. म्हणायचा, ही दोन माणसं आमच्या टेबलावर रोज फुकट जेवतात, भाड्याचं तेवढं नाव काढत नाहीत. पुढे त्यानं थट्टा करायचं सोडलं.

सगळीच पानं पोरांना वाचून दाखवण्याजोगी नव्हती. काही बायका लिहीत की हे दोघे वर्षानुवर्षं एका खोलीत राहिले, एकमेकांसाठी आगीत गेले, याला प्रेमाशिवाय दुसरं काय म्हणायचं? त्या गोष्टी वेगळ्या तपकिरी पाकिटातून येत, आणि मागवताना आपण सज्ञान आहोत असं लिहून सही करावी लागे. आर्डिस तेही वाचायची. मीही वाचलं. लाजण्यासारखं थोडं होतं, रडण्यासारखं जास्त. ते अंक ती शिवणाच्या कपाटात कुलपात ठेवायची आणि किल्ली फ्रिजवरच्या चहाच्या डब्यात.

जीन वाईट माणूस नव्हता, म्हणजे सुरुवातीला तरी नव्हता. कारखान्यात तोलकाट्यावर फेय नावाची एक बाई लागली, आणि एका हंगामात त्याचं मन तिकडे गेलं. ते गावाला आर्डिसच्या आधी कळलं. त्याला फारकत हवी होती, घर हवं होतं, आणि पोरंही हवी होती. फेयला मूल होत नव्हतं आणि त्याच्या आईचा, म्हणजे पोरं जिला पोलिशमध्ये बुशा, आजी, म्हणत तिचा, नातवंडांवर जीव होता. पण तेव्हा पोरं आईकडेच जात. आईविरुद्ध काहीतरी हाती असल्याशिवाय तुझी डाळ शिजणार नाही, असं त्याच्या वकिलानं त्याला सांगितलं.

काही दिवसांनी कपाटातला एक अंक नाहीसा झाला. आर्डिसला ते कळलं नाही. ती तेव्हा वाचायच्या मनःस्थितीतच नव्हती.

कोर्टात मी तिच्या बाजूनं साक्ष द्यायला गेले होते. मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. कुणी ऐकलंही नसेल. पोरांना आणलं नव्हतं, ती बुशाकडे होती. जीनचा वकील तरुण होता, आवाज चांगला होता. त्यानं अंक वर धरून सगळ्यांना मुखपृष्ठ दाखवलं आणि इडा मॉसच्या गोष्टीतली चार पानं मोठ्यानं वाचली. ती चारच. वाचताना मध्येच थांबायचा, चष्मा सारखा करायचा, म्हणजे लोकांना हसायला वेळ मिळावा. चर्चमधल्या बायका होत्या, शाळेच्या मंडळाचे दोघे होते. जीन खाली बघत होता. मला वाटतं, त्यालाही ते एवढं मोठ्यानं वाचलं जाईल याची कल्पना नव्हती.

आर्डिसला उभं केलं. हे तुम्ही वाचता का, असं वकिलानं विचारलं. ती हो म्हणाली. एकदाच वाचलंत का? आवडलं की पुन्हा वाचते, ती म्हणाली. तिच्या वकिलानं तिला पढवून ठेवलं होतं की चूक झाली म्हण, एकटेपणा होता म्हण, आता सगळं फेकून देणार आहे म्हण. तिनं त्यातलं एकही वाक्य उच्चारलं नाही. हट्टानं नव्हे. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय होती.

जज्ज म्हातारा होता. त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, “मिसेस कुजावा, ही माणसं खरी नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, जज्जसाहेब.”

“मग त्यांच्यात एवढा जीव कशाला गुंतवायचा?”

ती म्हणाली, “खऱ्या माणसांना त्यांचं त्यांचं कुणीतरी असतं. ह्यांचा कार्यक्रम बंद केला. आता ह्यांना आमच्याशिवाय कोण आहे?”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. तिच्या वकिलानं कपाळावर हात ठेवला.

तरीही तेवढ्यानं पोरं गेली नसती, असं तो वकील मला नंतर म्हणाला. जज्जाला ती विचित्र वाटली होती, वाईट नव्हे. गेली ती पुढच्या प्रश्नावर. हे साहित्य पोरांच्या हाती लागण्याजोगं होतं का, असं जीनच्या वकिलानं विचारलं. नाही, कपाटाला कुलूप असतं, आर्डिस म्हणाली. किल्ली कुठे असते, हे घरात आणखी कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही.

“मग हा अंक मिस्टर कुजावांच्या हाती कसा आला?”

आर्डिसनं जीनकडे पाहिलं. जीननं मान फिरवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला कळलं तो क्षण मी पाहिला, आणि मलाही त्याच क्षणी कळलं. जीनला चहाचा डबा कुठे असतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं. आयुष्यात त्यानं कधी चहा केला नव्हता. तो डबा रोज खाली काढायची ती टेरेस. बारा वर्षांची पोर. बापानं विचारलं असणार, तुझी आई त्या कपाटात काय ठेवते गं? आणि तिनं काढून दिलं असणार. बाप आईशी धड बोलत नव्हता, निदान गोष्टी तरी वाचेल, असं तिला वाटलं असेल. काय वाटलं होतं, देव जाणे.

“मिसेस कुजावा, उत्तर द्या.”

“मीच बाहेर विसरले असेन,” आर्डिस म्हणाली.

“कुठे विसरलात?”

“स्वयंपाकघरात. टेबलावर.”

“म्हणजे मुलं जिथे जेवतात तिथे.”

“हो.”

तिनं आयुष्यात एकही अंक कधी बाहेर ठेवला नव्हता. रिकाम्या बसमध्येसुद्धा ती तपकिरी पाकीट सीटखाली कोंबून वर हातमोजे ठेवायची. पण ‘मुलीनं किल्लीनं उघडलं’ असं म्हणाली असती, तर त्यांनी टेरेसला बोलावलं असतं, आणि वकिलानं तिलाही तसाच चष्मा सारखा करत प्रश्न विचारले असते. मी उठून बोलू शकत नव्हते. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या पाहण्यात सगळं सांगितलं.

पोरं जीनला मिळाली. एक आड एक शनिवार-रविवार आईकडे, तेही अटीवर: असलं साहित्य तिच्या घरात पुन्हा येता कामा नये, आणि जे आहे ते नष्ट करावं. अट दोन्ही वकिलांनी बाहेरच्या बाहेर ठरवली. आर्डिसच्या वकिलानं ती मोठा विजय मिळवल्यासारखी आणून दिली.

महिन्याभरात शाळेनंही तिला काढलं. पालकांच्या तक्रारी आल्या असं सांगितलं. ज्यांची पोरं तिनं हिमवादळातून घरी पोचवली होती, तेच ते पालक.

मी तिला म्हणाले की अंक माझ्याकडे दे, माझ्या तळघरात कोण बघायला येतंय? जाळले म्हणून सांग.

“नको,” ती म्हणाली. “उद्या कुणी विचारलं तर तुला खोटं बोलावं लागेल. एक खोटं झालंय, तेवढं पुरे.”

नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिनं घरामागे तेलाचं रिकामं पिंप उभं केलं. कारखान्याचा हंगाम जोरात होता आणि सगळ्या गावावर उकडलेल्या बिटाचा कुबट वास बसला होता. ती एकेक अंक घ्यायची, पिना उपटून काढायची, पानं सुटी करून टाकायची. गठ्ठा तसाच टाकला तर मधली पानं जळत नाहीत, म्हणाली. मी काठीनं ढवळत होते. जीन खिशात हात घालून कुंपणापाशी येऊन उभा राहिला. बघायला यायचं त्याला वकिलानं सांगितलं होतं. थोडा वेळ त्यानं पाहिलं. मग त्याला राहवलं नसावं. म्हणाला, “सगळेच नको जाळूस, आर्डिस. पोरांना वाचायचीस ते साधे अंक ठेव.”

“साधे कुठले नि दुसरे कुठले, ते वकिलाला विचारून ये,” ती म्हणाली. “मी थांबते.”

तो गेला. आला नाही. तिनं सगळे जाळले. साठ-साठ प्रती निघायच्या एकेका अंकाच्या, आणि त्या देशभर विखुरलेल्या. आपण काय जाळतोय हे माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं. शेवटी पिंपाच्या तळाशी मूठभर काळ्या पिना उरल्या.

मग तिनं सगळ्या मैत्रिणींना एकेक कार्ड टाकलं: कृपा करून मला काही पाठवू नका. कारण लिहिलं नाही, पण कारण पोचलंच. असल्या बातमीला पाय असतात. त्या बायका घाबरल्या. त्यांनाही नवरे होते, पोरं होती, कुणी शिक्षिका, कुणी पाद्र्याची बायको. कित्येकींनी खरी नावं काढून खोटी घातली, दोन अंक बंदच पडले. एका बाईनं आर्डिसला लिहिलं की तुझ्या निष्काळजीपणाची झळ आम्हा सगळ्यांना लागली. ते पत्र तिनं मला दाखवलं, घडी केलं, आणि स्टोव्हमध्ये टाकलं. इडा मॉसनं मात्र पुन्हा पुन्हा लिहिलं. ती पाकिटं आर्डिसनं न फोडता परत पाठवली. आत काय असेल, सांगता येत नव्हतं, आणि तिनं अट मान्य केली होती.

हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या आणि लोणच्याच्या कारखान्यात लागली. तिथे काकड्यांच्या पट्ट्यापाशी दिवसभर उभं राहावं लागे. हाताला आंबवणाचा वास कायमचा बसला. पोरं एक आड एक शनिवारी येत. ती त्यांच्यासाठी पिरोगी, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पोलिश करंज्या, करायची, जे सांगतील ते चॅनेल लावायची. ‘हाय लुकआउट’चे जुने भाग दुपारी पुन्हा दाखवायला लागले होते. ते लागलं की ती उठून टीव्ही बंद करायची. अटीत ते नव्हतं. मी तसं म्हणाले, तर म्हणाली, “माहीत आहे. पण बघितलं की वाचावंसं वाटतं.”

टेरेस आईच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे. पंधराव्या वर्षी तिनं यायचंच सोडलं. शाळेत पोरी तिला आईवरून चिडवायच्या हे खरं होतं, पण तेवढंच ते नव्हतं, हे आर्डिसला कळत होतं आणि मलाही. मी एकदा तिला म्हणाले, पोरीला सांगून टाक की तुला ठाऊक आहे आणि तुझा राग नाही. आर्डिस काकडीच्या डागांनी पिवळे झालेले हात बघत बसली. म्हणाली, “तिला वाटत असेल की मला ठाऊक नाही, तर तेवढीच तिला झोप लागत असेल. मी सांगितलं तर ती झोपही जायची.” मला ते पटलं नाही. पण पोर तिची होती.

मार्टी अठरा वर्षांचा झाला आणि अट संपली. तोपर्यंत आर्डिसचे केस पांढरे झाले होते. तिनं इडा मॉसला टोलेडोच्या जुन्या पत्त्यावर लिहिलं, आणि दोन आठवड्यांनी माझ्या दुकानातला फोन वाजला. तिच्या खोल्यांत फोन नव्हता, म्हणून तिनं माझा नंबर दिला होता. मी तिला बोलावून आणलं आणि काउंटरमागे स्टूल दिलं.

इडाचे डोळे गेले होते. मधुमेहानं. पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं होतं. तळघरात पाणी शिरून तिच्याकडच्या प्रतींचा लगदा झाला होता. तुझ्याकडे असतील म्हणून मी निर्धास्त होते, ती म्हणाली. ज्या गोष्टीतली चार पानं कोर्टात वाचली होती, तिचं तर कुठे नावच उरलं नव्हतं. आर्डिसनं तिला जाळल्याचं सांगितलं. मग आठवत असेल तेवढं लिहून पाठव, असं इडा म्हणाली, आणि आर्डिस म्हणाली, “नाही गं, मी काय लिहिणार? पण सांगते की.”

आणि ती सांगायला लागली. गोष्ट सुरुवातीपासून. पेल जळत्या मनोऱ्यातून ओढ्यात पडतो तिथपासून. त्यानंतर दर रविवारी, दुकान बंद असताना, ती त्या स्टुलावर बसून टोलेडोतल्या आंधळ्या म्हातारीला तिच्याच गोष्टी सांगायची. इडा मध्येमध्ये अडवायची. एकदा आर्डिस हसून म्हणाली, “नाही, हे तूच लिहिलं होतंस. मी बरी असलं लिहीन.” एवढ्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं असेल तर त्या रविवारी. हे एक हिवाळाभर चाललं. मार्चमध्ये इडाच्या शेजारणीचा फोन आला की इडा गेली, पुन्हा फोन करू नका.

त्यानंतर आर्डिसनं कुठल्या मंडळीचा शोध घेतला नाही. मी सुचवून पाहिलं. आता नव्या बायका असतील, त्यांचे नवे कार्यक्रम असतील, ती म्हणाली. तीन वर्षांनी तिच्या फुप्फुसात गाठ निघाली. ती कधी ओढत नव्हती. डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नाही. ती फार दिवस पडून राहिली नाही. शेवटी शेवटी मार्टी रोज यायचा, बिछान्यापाशी टोपी हातात घेऊन बसायचा. बाप होता त्याच बॉयलरवर तोही लागला होता. टेरेस आली नाही. ती लॅन्सिंगला असते, हिशेबनिसाचं काम करते. मी फोन केला होता. बघते, म्हणाली.

अंत्यविधीला मात्र आली. चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅम होतं, तिकडे गेली नाही. बाहेर गाडीपाशी उभी होती, तिथे मी गेले. तिनं मला चोचा म्हटलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “किल्ली मी काढून दिली होती.”

“तिला ठाऊक होतं,” मी म्हणाले.

“कधीपासून?”

“कोर्टात. त्याच दिवशी.”

आणि मग, आर्डिस गेली होती म्हणून, मी तिला सगळं सांगितलं. टेबलावर विसरले असेन, असं आई म्हणाली ते. तिला कोर्टात ओढलं जाऊ नये म्हणून म्हणाली ते. टेरेस ऐकत होती आणि गाडीच्या दाराच्या मुठीवर तिचा हात होता. माझं सांगून झालं तेव्हा मला वाटलं की ती रडेल, आणि मी जवळ गेले.

“मग हे तिनं मला सांगायचं,” ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. “माझ्या बाराव्या वर्षापासून मी वाट बघत होते, की ती कधीतरी मला विचारेल. ओरडेल. एक शब्द काढेल. ती पिरोगी वाढत बसली.”

तुला झोप लागावी म्हणून ती गप्प राहिली, असं मी म्हणाले.

“मला नाही लागली,” टेरेस म्हणाली.

ती गाडीत बसली. काच खाली करून तिनं विचारलं की आईचं काही उरलंय का? मी म्हणाले की कपडे आहेत, भांडी आहेत, शिवणाचं ते कपाट आहे. अंक एकही नाही. कपाट मार्टीला दे, ती म्हणाली, आणि गेली. नाताळला तिचं कार्ड येतं. त्यावर फक्त सही असते.